गाडीतून आलेले बसवाले

हेस्टर सगडनला माणसं आवडत नसत असं नव्हतं. पण नवा माणूस भेटला की त्याचं काय चुकतंय ते तिला आधी दिसायचं, आणि एकदा ते दिसलं की बाकीचं काही दिसत नसे. तिची आई मिलबेकच्या शाळेत मुलांच्या जेवणाचं बघायची. ती म्हणायची, "आमच्या हेस्टरला नव्या कोटातसुद्धा आधी उसवलेली शिवण दिसते." हेस्टरला ही आपली तारीफ वाटायची.

ती पीएच.डी. करत होती. डोंगरातल्या गावांची बस बंद झाल्यावर तिथल्या माणसांचं पुढं काय होतं, हा विषय. तो तिनं पुस्तकातून उचलला नव्हता. मिलबेक यॉर्कशरच्या एका अरुंद खोऱ्यात, खोऱ्याच्या वरच्या टोकाला ओव्हरथ्वेट, आणि या दोन्ही गावांना हॉलबरीच्या बाजाराशी जोडणारी एकच बस, सत्तावन्न नंबर. त्या बसच्या मागच्या सीटवर हेस्टरनं शाळेचा अभ्यास केला, मैत्रिणींशी भांडणं केली, आयुष्यातला पहिला नकारही तिथंच ऐकला. विद्यापीठात आल्यावर तिला कळलं, की आपण जे जगलो त्याला 'ग्रामीण गतिशीलतेचा प्रश्न' म्हणतात. ती पोट धरून हसली, आणि मग त्याच नावानं अर्ज करून तिनं शिष्यवृत्ती मिळवली.

विद्यापीठाचा एक नियम होता. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यानं मध्ये तीन महिने प्रबंध बाजूला ठेवायचा आणि बाहेरच्या एखाद्या संस्थेत काम करायचं. म्हणजे त्याला म्हणे खऱ्या जगाची ओळख होते.

"मी खऱ्या जगातूनच आलेय," हेस्टर तिच्या मार्गदर्शकांना, प्रोफेसर डन्स्टन रे यांना म्हणाली. "इथं आल्यापासून ते दिसेनासं झालंय."

"मग जाऊन भेटून ये त्याला," प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाले. "आणि हेस्टर, तिथं जरा गोड बोल. पुढच्या वर्षीही आपल्याला तिथं विद्यार्थी पाठवायचाय."

संस्थेचं नाव होतं 'प्रत्येक गावाला बस'. खेड्यापाड्यांतली बस टिकावी म्हणून चळवळ करणारी, वर्तमानपत्रांत पत्रं लिहिणारी, मंत्र्यांच्या दारात फलक घेऊन उभी राहणारी. हेस्टरनं तिचं नाव ऐकलं होतं, आणि मनातून तिला थोडा आदरही होता. हा आदर पहिल्या दिवशी गाड्या लावायच्या जागेपर्यंत टिकला.

ऑफिस लीड्समध्ये कालव्याकाठच्या एका जुन्या कापडगिरणीत होतं. गिरणीच्या अंगणात ओळीनं मोटारी उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागच्या काचेवर संस्थेचा स्टिकर: 'बस वाचवा'. आत सातेक माणसं. त्यांतलं एक सायकलवर यायचं, बाकी सगळी मोटारीनं. बसनं येणारी हेस्टर एकटीच. ती बसनं येते हे कळल्यावर सगळ्यांनी तिच्याकडं असं कौतुकानं पाहिलं, जसं एखाद्या धर्मादाय दवाखान्याच्या मंडळानं पहिल्यांदाच खरा रोगी बघावा.

"वा! म्हणजे तू प्रत्यक्ष बस वापरतेस!" संचालक म्हणाला. त्याचं पूर्ण नाव पेरेग्रिन अ‍ॅश्टन, पण सगळ्यांनी त्याला पेरी म्हणावं असा त्याचा आग्रह. उंच, देखणा, गळ्यात लोकरी मफलर, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. लहानपणी आजीबरोबर एकदा बसमध्ये बसल्याची आठवण तो प्रत्येक भाषणात सांगायचा. इतक्या हळवेपणानं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा हत्तीवर बसून आला होता.

"वापरते म्हणजे काय," हेस्टर म्हणाली, "मला मोटार चालवता येत नाही."

"हे फार सुंदर आहे," पेरी म्हणाला. "तमसिन, हे लिहून घे."

तमसिन प्रचाराचं काम बघायची. तिनं खरोखरच लिहून घेतलं.

पहिला आठवडा चिन्हाच्या चर्चेत गेला. संस्थेला नवं चिन्ह हवं होतं. बसचं चित्र नक्की झालं होतं, पण बसचं तोंड उजवीकडं असावं की डावीकडं यावर दोन तट पडले होते. उजवीकडं म्हणजे प्रगती, असं तमसिनचं मत. तीन बैठका झाल्यावर हेस्टरला राहवेना.

"तोंड उजवीकडं केलंत तर दार दिसणार नाही," ती म्हणाली. "आपल्याकडं बसचं दार डाव्या अंगाला असतं."

सगळ्यांनी टेबलावरच्या चित्राकडं पुन्हा पाहिलं. यातल्या कुणी कधी बसला दार असतं याचा विचार केला नसावा.

"चांगला मुद्दा आहे, हेटी," पेरी म्हणाला. तिला आजवर कुणी हेटी म्हटलं नव्हतं. "पण लोक दाराकडं बघत नाहीत, दिशेकडं बघतात."

तेव्हा बस उजवीकडं निघाली. बिनदाराची. हेस्टरनं संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, मग माणसं चढायची कुठून?" आई विचारत होती. हेस्टर म्हणाली, "त्यांना माणसं चढवायची नाहीतच, आई. त्यांना फक्त बस वाचवायचीय."

हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं. असली वाक्यं ती दिवसभर मनात जुळवायची आणि घरी जाऊन फोनवर आईला ऐकवायची. उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं, आणि आपण एकटीच काय ती जमिनीवर, असा तिचा हिशेब होता. जमिनीवर उभं राहून ती करत काय होती, हा प्रश्न तिला अजून पडला नव्हता.

दुसऱ्या महिन्यात बातमी आली. खोऱ्याच्या कौन्सिलनं सत्तावन्न नंबर बंद करायचा प्रस्ताव मांडला होता. ऑफिसात असा उत्साह पसरला, जसा लग्नघरात वरात आल्यावर पसरतो. कुठली तरी बस बंद होणार असली, की यांच्या अंगात जीव यायचा; सगळ्या बस नीट चालल्या असत्या तर ही मंडळी उपासमारीनं गेली असती.

"आपल्याला चेहरा हवा," तमसिन म्हणाली. "एक म्हातारी. एकटी. स्टॉपवर उभी. पाऊस असेल तर उत्तम. एक छोटीशी फिल्म."

"कुणी ओळखीचं आहे का तिकडं?" पेरीनं विचारलं.

हेस्टर गप्प राहिली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण ऑफिसात तिला बसायला प्रिंटरशेजारचं टेबल दिलं होतं, आणि इतक्या आठवड्यांत तिच्याकडं कागद भरण्यापलीकडं कुणी काही मागितलं नव्हतं. आता पहिल्यांदा सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली होती. तिरस्कार करणाऱ्या माणसालाही त्याच लोकांकडून शाबासकी हवी असते, ही फार जुनी फजिती आहे.

"ओव्हरथ्वेटच्या एनिड ओल्डरॉइड," ती म्हणाली. "माझ्या प्रबंधासाठी मी त्यांच्याशी बोललेय. ऐंशी उलटलीय. दर मंगळवारी बसनं हॉलबरीला जातात."

"हेटी," पेरी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू सोनं आहेस."

एनिड ओल्डरॉइड ही काही कॅमेऱ्यासमोर डोळे पुसणारी बाई नव्हती. उभं आयुष्य तिनं लोकरीच्या गिरणीत काढलेलं. यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली, ती अजून गेली नव्हती. नवरा गेला, तिच्या नात्यात उरली एक धाकटी बहीण, मेव्हिस. ती हॉलबरीच्या वृद्धाश्रमात होती. मेव्हिसला आता माणसं ओळखू येत नसत. तिथल्या मुलींनी घास भरवला की ती तोंड मिटून घ्यायची, पण मंगळवारी दुपारी एनिड गेली, की तिच्या हातून निमूट जेवायची. मटणाचा रस्सा, कुस्करलेला बटाटा, आणि शेवटी कस्टर्ड. हे सगळं हेस्टरला ठाऊक होतं. तिच्या प्रबंधात त्यावर एक परिच्छेदही होता.

फोनवर एनिड म्हणाली, "फिल्म? माझी? अगं पोरी, माझ्यापेक्षा शेजारच्या विल्फ्रेडची कुत्री बरी दिसते. पण बस वाचणार असेल तर या बापडे. फक्त मला बस चुकवायची नाही, सांगून ठेवते."

"नाही चुकणार, ओल्डरॉइडबाई. तुम्ही बसमध्ये चढताना आम्ही फक्त चित्रण करू."

मंगळवारी ते पेरीच्या मोटारीनं निघाले. पेरी, तमसिन, कॅमेरावाला आणि मागं सामानाच्या पेट्यांत चेपून बसलेली हेस्टर. मोटार विजेवर चालणारी, प्रशस्त, जराही आवाज न करणारी. ओव्हरथ्वेटचा स्टॉप चर्चच्या वळणावर आहे. रस्ता इतका चिंचोळा की एका अंगाला दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला ओढा, आणि बसला थांबायला म्हणून भिंतीत तेवढा एक खाचा कापलेला. पेरीनं मोटार बरोबर त्या खाच्यात नेऊन लावली.

"ही जागा बसची आहे," हेस्टर म्हणाली.

"दोनच मिनिटं," पेरी म्हणाला. "पेट्या उतरवल्या की काढतो."

एरवी हेस्टरनं त्याला तिथंच चार शब्द सुनावले असते. पण येताना वाटेत पेरी म्हणाला होता, की फिल्मच्या शेवटी तिचं नाव घालू, आणि पुढंमागं संस्थेत कायमची जागाही निघू शकेल. ती गप्प बसली. पेट्या उतरल्या. मग तमसिनला उजेड पसंत पडेना. तिनं एनिडला स्टॉपच्या दगडी आडोशात आत, अगदी कोपऱ्यात नेऊन बसवलं.

"इथं आत बसले तर ड्रायव्हरला मी दिसायची नाही," एनिड म्हणाली.

"अजून वेळ आहे, एनिड. तुम्ही फक्त लांब बघा. तुमच्या आयुष्यातून काहीतरी निघून चाललंय, अशा."

"माझ्या आयुष्यातून काय निघून चाललंय? उलट हाडांत वारा शिरतोय."

कॅमेरावाला हसला. तमसिन हसली नाही. आणि तेवढ्यात वळणावरून सत्तावन्न नंबर आली. ड्रायव्हरला दिसलं ते एवढंच: खाच्यात मोटार उभी, स्टॉपवर माणूस नाही, मागं दुधाची गाडी लागलेली. त्यानं हॉर्न दिला, क्षणभर वेग कमी केला आणि बस पुढं काढली.

एनिड आडोशातून काठी उगारत बाहेर धावली. ऐंशी उलटलेल्या बाईनं असं धावू नये तशी धावली. "अरे थांब! थांब की मेल्या!" गिरणीतला तो आवाज ओढ्यापलीकडं गेला असेल, पण बसच्या बंद काचांतून आत गेला नाही. बस वळण घेऊन दिसेनाशी झाली. एनिड रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टोपी सरकलेली, काठी अर्धवट वर, तोंड उघडं. तिला संताप अनावर झाला होता.

"घेतलंस?" तमसिननं कॅमेरावाल्याला कुजबुजत विचारलं.

"सगळं घेतलं."

"देवा! काय चेहरा आहे!"

हेस्टर एनिडजवळ गेली. एनिडनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मेव्हिस जेवायला बसेल आता," एवढंच ती म्हणाली. पुढची बस थेट तिसऱ्या प्रहरी होती.

पेरी फार चांगुलपणानं वागला. "अहो, काळजी कसली! आम्ही सोडतो ना तुम्हाला! दारात सोडतो!" फक्त तमसिनला आणखी एकदा रिकामा रस्ता टिपायचा होता. मग ओढा. मग एनिडचे हात. नंतर पावसाची भुरभुर सुरू झाली आणि तमसिन म्हणाली, की आता तर सोडूनच चालणार नाही. मोटार वृद्धाश्रमाच्या दारात पोचली तेव्हा जेवणाची ताटं कधीच उचलली होती. मेव्हिसनं कुणाच्याच हातून खाल्लं नव्हतं, आणि मुलींनी तिला झोपवून टाकलं होतं. एनिड मोटारीतून उतरली, तिनं दार लावलं आणि मागं वळून न बघता आत गेली. पेरीनं काच खाली करून हात हलवला.

दोन दिवसांनी तमसिननं फिल्म कापून जोडून तयार केली. खाचा त्यात नव्हता, मोटार नव्हती. जाणारी बस, काठी उगारलेली म्हातारी, रिकामा रस्ता, पाऊस आणि खाली मंद पियानो.

"हेटी, शेवटचं वाक्य तू लिही," पेरी म्हणाला. "तू त्या मातीतली आहेस."

हेस्टरनं तासभर विचार केला आणि लिहिलं: 'बस निघून गेली. एनिड तिथंच राहिली.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. बस खरंच निघून गेली होती आणि एनिड खरंच तिथं राहिली होती. नरो वा कुंजरो वा म्हणणाऱ्या धर्मराजालाही हेच समाधान मिळालं असेल. आपण खोटं लिहिलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं आईला फोन केला नाही.

फिल्म वणव्यासारखी पसरली. देशाच्या दुसऱ्या टोकाची माणसं एनिडसाठी रडू लागली. एका मोठ्या वर्तमानपत्रानं ते दृश्य पहिल्या पानावर छापलं. प्रोफेसर रे यांनी अभिनंदनाचा संदेश पाठवला: 'खरं जग मानवलेलं दिसतंय तुला!' ऑफिसात केक कापला. पेरीनं कौन्सिलवर दबाव आणण्यासाठी जाहीर सभा घ्यायचं ठरवलं, आणि सभेची जागाही स्वतःच शोधून काढली. ती लीड्समध्ये, ऑफिसच्या पाठीमागच्या हॉलमध्ये, संध्याकाळची.

"खोऱ्यातल्या लोकांनी यायचं कसं?" हेस्टरनं विचारलं. "आले तर परत जायचं कसं? त्यांची शेवटची बस दिवे लागायच्या आधी जाते."

"हा तर मुद्दाच आहे!" पेरी म्हणाला. "त्यांची गैरहजेरीच बोलेल."

"आणि एनिड?"

"तिच्यासाठी टॅक्सी करू. ती मंचावर हवी."

एनिडकडं ना स्मार्टफोन, ना घरात संगणक. फिल्म तिला शेजारच्या विल्फ्रेडनं आपल्या फोनवर दाखवली. तिनं ती दोनदा पाहिली आणि चहा पूर्ण पिऊन मग म्हणाली, "विल्फ्रेड, त्या सभेला तू पण चल." पेरीची टॅक्सी तिनं नाकारली. सकाळची बस घेऊन, हॉलबरीला बदलून ती दोघं लीड्सला आली आणि दुपारभर एका कॅफेत एकच चहाची किटली पुढ्यात घेऊन बसून राहिली.

हॉल भरला होता. शहरातली सगळी सुस्थितीतली, कनवाळू माणसं आली होती, आणि बाहेर त्यांच्या मोटारींना जागा मिळत नव्हती. मंचावर पेरी, एनिड, आणि खोऱ्याच्या कौन्सिलर बेरिल नटॉल. नटॉलबाई आखूड केसांच्या, हसऱ्या, आणि सभेला येऊन रडकुंडीला येणाऱ्या पुढाऱ्यांपैकी नव्हेत. हेस्टर खाली, पहिल्या रांगेत.

आधी फिल्म दाखवली. रुमाल निघाले. मग नटॉलबाई उठल्या आणि म्हणाल्या, की एनिडच्या चेहऱ्यानं कौन्सिलला अंतर्मुख केलंय. सत्तावन्न नंबर बंद होईल, पण तिच्या जागी एक नवी सेवा येईल. फोनवरच्या अ‍ॅपमधून हाक द्यायची, की छोटी गाडी दाराशी हजर. हाक आदल्या दिवशी द्यावी लागेल, आणि त्या दिवशी गाडी मोकळी असायला हवी, एवढंच.

पेरी सर्वांत आधी उठून टाळ्या वाजवू लागला. "हा विजय आहे!" तो ओरडला. "हा एनिडचा विजय आहे!" हेस्टरच्या लक्षात आलं, की त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. नटॉलबाईंचं आणि त्याचं हे कधीच कॉफीवर ठरलं होतं. टाळ्यांच्या वेळा इतक्या जुळल्या होत्या, की तालीम केल्याशिवाय ते जमत नाही.

"एनिड, दोन शब्द?" पेरीनं ध्वनिक्षेपक तिच्यासमोर धरला.

एनिडनं तो बाजूला केला. तिला त्याची गरज नव्हती.

"मला कळत नाही, तुम्ही रडताय कशाला," ती म्हणाली. "बस आली होती."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"हसू नका. बस वेळेवर आली होती. नेहमीच येते. या भल्या माणसानं आपली मोटार बसच्या जागेत लावली होती, आणि त्या मुलीनं मला कोपऱ्यात बसवलं होतं. ड्रायव्हरला मी दिसलेच नाही. माझी बहीण त्या दिवशी उपाशी झोपली. तुम्ही त्यावर वाजंत्री लावून सिनेमा काढला." ती नटॉलबाईंकडं वळली. "आणि बाई, फोनला हाक मारून गाडी येणार म्हणता, तर माझा फोन भिंतीला टांगलेला आहे. तो घेऊन मी चौकात उभी राहू काय?"

आता हसणाऱ्यांनाही कळेना, हसावं की नको.

पेरीचा चेहरा किंचितही हलला नाही, हे मान्य करायला हवं. "एनिडला त्या दिवसाचा फार त्रास झाला," तो मृदू आवाजात म्हणाला. "या वयात आठवणी थोड्या मागंपुढं होतात. आमची संशोधक तिथं होती. पीएच.डी. करते या विषयावर. हेटी, तू सांग ना काय झालं ते."

सगळा हॉल हेस्टरकडं पाहू लागला. ती उठली. आजवर तिनं मनात शेकडो चुरचुरीत वाक्यं जुळवली होती. ती सगळी या वेळी कुठं गेली कोण जाणे. तिला त्या मंगळवारची एनिडची सरकलेली टोपी तेवढी दिसत होती.

"माझं नाव हेस्टर आहे," ती म्हणाली. "ओल्डरॉइडबाई खरं सांगताहेत. मोटार आमची होती. मी ती तिथं उभी राहताना पाहिली आणि गप्प बसले. फिल्मखालचं वाक्यही माझंच आहे."

मागून कुणीतरी "लाज वाटत नाही?" असं ओरडलं. ते पेरीला होतं की तिला, हे कळायला मार्ग नव्हता. ती खाली बसली. नटॉलबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि त्या त्याकडं अशा एकाग्रतेनं बघू लागल्या, जणू त्यात मासा आहे.

सभा संपल्यावर जिन्याखाली हेस्टरनं एनिडला गाठलं. विल्फ्रेड तिचा कोट धरून उभा होता.

"ओल्डरॉइडबाई, मला..."

"माफी मागणार आहेस?"

"हो."

"माग मग. पण तुझ्या खरं बोलण्यानं मेव्हिस त्या दिवशी जेवली नाही ती नाहीच. तू फार हुशार आहेस, पोरी. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझा केक खाल्लास तेव्हा तू सगळ्या जगाला नावं ठेवत होतीस. मला मजा वाटली होती ऐकायला. पण तुझी ती जीभ त्या दिवशी स्टॉपवर कुठं गेली होती गं?"

विल्फ्रेडनं कोट पुढं केला. एनिडनं कोटात हात घातले. परत जायला बस नव्हती. शेवटी तिला आणि विल्फ्रेडला संस्थेच्या टॅक्सीनंच जावं लागलं, आणि वाटभर एनिडनं टॅक्सीवाल्याला पेरीबद्दल काय काय सांगितलं ते विल्फ्रेड नंतर दारूच्या गुत्त्यात महिनाभर रंगवून सांगत होता.

हेस्टरची तीन महिन्यांची मुदत त्या आठवड्यातच संपवण्यात आली. 'परस्परसंमतीनं' असा शब्द वापरला गेला, संमती कुणी विचारली नव्हती. प्रोफेसर रे हळहळले. "खरं बोललीस हे उत्तमच," ते म्हणाले, "पण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं काय?" 'प्रत्येक गावाला बस'चं काहीच बिघडलं नाही. दोन आठवडे थोडी टीका झाली, मग पेरीनं 'आम्ही ऐकलं, आम्ही शिकलो' असा एक हृदयस्पर्शी लेख लिहिला, आणि वर्षाअखेरीस त्याच फिल्मला उत्कृष्ट प्रचाराचं पारितोषिक मिळालं. स्वीकारायला तो मफलर घालून गेला.

सत्तावन्न नंबर मात्र पूर्ण बंद झाली नाही. त्यात चळवळीचा हात नव्हता, सभेचा नव्हता, हेस्टरच्या खरं बोलण्याचाही नव्हता. आठवड्यातले दोन दिवस ओव्हरथ्वेटच्या शाळेतल्या मुलांना पोहून झाल्यावर परत सोडायला एक बस तसंही वर जात होती आणि खाली येताना रिकामी येत होती. डेपोतल्या कुणाच्या तरी हे ध्यानात आलं आणि तिला वाटेत थांबायला सांगितलं गेलं. मंगळवार आणि शुक्रवार. अ‍ॅपवर हाक दिली की येणारी गाडी सहा महिने मिलबेकच्या मैदानात उभी होती, मग ती कुठं गेली ते कुणी विचारलं नाही.

हेस्टरनं प्रबंध पुरा केला. मेव्हिसवरचा परिच्छेद तिनं काढून टाकला. परीक्षकांनी त्या जागी काहीतरी निसटल्यासारखं वाटतं असं लिहिलं, तरी तिनं तो परत घातला नाही. डॉक्टरेट मिळाल्यावर सगळ्यांना वाटलं ती विद्यापीठात शिकवणार. तिनं हॉलबरीच्या बस डेपोत वेळापत्रकं लावायची नोकरी धरली. आई म्हणाली, "एवढं शिकून तिथं?" हेस्टर म्हणाली, "तिथं निदान बसला दार आहे," आणि आपण पुन्हा तसलंच वाक्य बोललो हे ध्यानात येऊन ओशाळली.

एनिडकडं ती जात राहिली. पहिले काही आठवडे एनिडनं तिला दारातूनच परत पाठवलं. मग एका शुक्रवारी आत घेतलं, चहा दिला, केक मात्र दिला नाही. मेव्हिस त्या हिवाळ्यात गेली. अंत्यविधीला हेस्टर मागच्या बाकावर बसली होती. बाहेर पडताना एनिडनं काही न बोलता तिचा दंड आधारासाठी धरला, कारण पायऱ्यांवर बर्फ होतं.

डेपोतली नोकरी सोपी नव्हती. हेस्टरनं लावलेल्या पहिल्या वेळापत्रकात एका गावची बस दवाखाना उघडायच्या कितीतरी आधी पोचायची आणि परतीची तो बंद झाल्यावर कितीतरी वेळानं निघायची. तिथल्या एका म्हाताऱ्यानं फोन केला. त्यानं तिला गाढव म्हटलं, खुर्ची गरम करणारी म्हटलं, तुम्हा शिकलेल्यांना उन्हात बांधून ठेवायला हवं म्हटलं. हेस्टरच्या जिभेवर उत्तर तयार होतं आणि ते चांगलंच झोंबणारं होतं. तिनं ते गिळलं, त्याला पूर्ण बोलू दिलं आणि शेवटी विचारलं, "दवाखाना कुठल्या वारी किती वाजता उघडतो, आजोबा?"

"हे आधी विचारायला काय झालं होतं?" म्हातारा गुरगुरला, आणि मग एकेक वार सांगू लागला.